त्या वाक्यातली ‘ती’

पारोळा
३ ऑगस्ट २०२४

नाजमीन मॅडम,

नऊ वर्षांनी माझं पत्र पाहून तुम्हाला काय वाटेल, याचा विचार करत बसलो तर ते लिहून होणार नाही. तुमचा जुना नंबर लागत नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये धुळ्याचा, देवपूरचा पत्ता सापडला, त्यावर पाठवतो आहे.

बुधवारी बेबाबाई निवृत्त झाल्या. शाळा सुरू झाली तेव्हापासूनच्या आपल्या मावशी. नारळ, साडी, भाषणं, सगळं रीतसर झालं. नंतर चहा घेताना त्या माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, नाजमीन मॅडमले बलावं नही का? मी म्हणालो, त्या सोनगीरच्या सहलीनंतर गेल्या ना. त्या म्हणाल्या, लगीन व्हयनं म्हणीसन गयात ना त्या?

मॅडम, त्यांना माहीतच नव्हतं. नऊ वर्षं त्या समजत होत्या की तुम्ही लग्नासाठी नोकरी सोडली.

मी म्हणालो, “मावशी, चौकशीत तुम्हीच सांगितलं ना, की किल्ल्यावर पडली त्या डिंपलला नाजमीन मॅडमनी एकटीला वर पाठवलं म्हणून?”

त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. मग म्हणाल्या, “मी कव्हय सांगं असं? मी सांगं व्हतं, मोहिनी मॅडमनी नाजमीन मॅडमले सांगं, मी तिले वर धाडं. धाडनारी मोहिनी मॅडम व्हती. तुम्हीच लिखी लिधं ना, सर.”

मी उठून वर्गात जाऊन बसलो. तास नव्हता, वर्ग रिकामा होता. शिपाई दोनदा बोलावून गेला, फोटो काढायचे होते.

मोहिनी, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मोहिनी मॅडम, आता माझी बायको आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. तिला मी अजून काही विचारलेलं नाही.

बेबाबाईंचा जबाब मी घेतला होता, हे खरं आहे. चौकशीला आलेले गृहस्थ हैदराबादचे. त्यांना हिंदी आणि इंग्रजी यायचं, मावशींची अहिराणी कळायची नाही. झुलाल सरांनी, आपल्या मुख्याध्यापकांनी, मला सांगितलं, तुम्ही इंग्रजीचे शिक्षक, तुम्ही भाषांतर करून द्या. मी ऐकलं तेच लिहिलं, एवढं मला पक्कं आठवतं. मावशींचीच आठवण आता गोंधळली असेल. जुनी फाइल शोधतो आणि कळवतो.

ज्ञानेश्वर


पारोळा
१० ऑगस्ट

नाजमीन मॅडम,

मावशींची आठवण गोंधळलेली नाही.

फाइल ऑफिसच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात होती. अहवाल तीन पानांचा, मावशींचा जबाब अर्ध्या पानाचा. खाली त्यांची वाकडीतिकडी सही, माझ्या इंग्रजीखाली. त्या इंग्रजीतला एकही शब्द त्यांना वाचता येत नव्हता आणि मी तो त्यांना वाचूनही दाखवला नव्हता.

वाक्य असं आहे: मोहिनी मॅडम टोल्ड नाजमीन मॅडम दॅट शी हॅड सेन्ट द गर्ल अप अलोन.

तुम्हीही इंग्रजीच शिकवत होतात, तेव्हा तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तरी लिहितो, कारण आठवडाभर दुसरं काही डोक्यात नाही. मावशी जे बोलल्या त्यात ‘मी’ होतं. मोहिनीने म्हटलेलं ‘मी’. आपण मुलांना घोकून घेतो तो एस-ओ-एन, एक-दोन-तीनचा नियम: बोलणाऱ्याचा ‘आय’ वाक्याच्या कर्त्याप्रमाणे बदलतो, ऐकणाऱ्याचा ‘यू’ कर्माप्रमाणे. त्या नियमाने मी ‘आय’चं ‘शी’ केलं. नियमात कुठेही चूक नाही. पण मोहिनी जर ‘यू’ म्हणाली असती, म्हणजे ‘तुम्ही पाठवलंत तिला’ असं म्हणाली असती, तरी त्याच नियमाने ‘शी’च झालं असतं. दोन बायका, आणि दोघींसाठी एकच शब्द. वाचणाऱ्याने त्यातली कुठलीही उचलावी.

हैदराबादच्या त्या गृहस्थांनी तुम्हाला उचललं. अहवालात पुढच्याच ओळीत लिहिलंय की साक्षीदार सेविकेच्या म्हणण्यानुसार मुलीला पाठवणाऱ्या शिक्षिका नाजमीन. साक्षीदार तेवढी एकच. मोहिनीने सांगितलं होतं, गडबडीत काय झालं ते आठवत नाही. तुम्हीही सांगितलं होतं, मी कुणाला पाठवल्याचं मला आठवत नाही. दोघींना आठवत नव्हतं म्हटल्यावर माझं वाक्य तेवढं उरलं.

काल सातवीच्या वर्गात सर्वनामं होती. मी फळ्यावर तसंच वाक्य लिहिलं, नावं दुसरी घेतली, किल्ल्याऐवजी फुटलेली बशी घेतली. ‘शी’ म्हटलं की मुलं नेहमीसारखी हसली. मग मी विचारलं, बशी कोणी फोडली? अर्धा वर्ग एकीचं नाव घेऊ लागला, अर्धा दुसरीचं. भूमिका नावाची एक मुलगी आहे, कमी बोलते. ती उभी राहून म्हणाली, “सर, ज्याने वाक्य लिहिलं त्यालाच विचारा ना.”

मी तास तिथेच थांबवला.

नकळत झालेली चूक आहे, मॅडम. भाषांतर करणाऱ्या कुणाच्याही हातून होईल अशी. पण तिची शिक्षा तुम्हाला झाली. तुमच्या अनुभवाच्या दाखल्याची प्रतही त्याच फाइलमध्ये आहे. त्यावर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वाचला. तो दाखला घेऊन तुम्ही किती शाळांत गेला असाल, मला माहीत नाही.

आज मोहिनीशी बोलणार आहे.

ज्ञानेश्वर


पारोळा
२१ ऑगस्ट

नाजमीन मॅडम,

तुमचं उत्तर नाही. ते यावं असं मी काही केलेलंही नाही. तरी हे लिहायलाच हवं, कारण मागच्या दोन पत्रांत मी तुमच्याशी खरं बोललो नाही.

आधी मोहिनीचं सांगतो.

ती स्वयंपाकघरात बट्ट्या तळत होती. मी जबाबाची झेरॉक्स ओट्यावर ठेवली आणि विचारलं, ही ‘शी’ कोण? तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. झाऱ्याने बट्ट्या उलटल्या, गॅस बारीक केला. मला वाटलं होतं ती नाकारेल, रडेल, चिडेल. ती एवढंच म्हणाली, “आज का विचारताय?”

मी म्हणालो, मला बेबाबाईंनी आत्ता सांगितलं. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मी हादरलो होतो, पण ती माझ्याहून जास्त हादरली होती.

“म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम तसं लिहिलं. माझ्यासाठी.”

मी गॅस बंद केला.

ती म्हणाली, “म्हणून तर मी लग्नाला हो म्हटलं.”

मॅडम, लग्नाला आठ वर्षं झाली. आठ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, आजारपणं काढली, तिच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलो. आणि एवढी वर्षं ती अशा माणसाबरोबर राहत होती ज्याने तिच्यासाठी खोटं लिहिलं. तिने मला कधी विचारलं नाही, कारण तिच्या मते ते आम्हा दोघांना ठाऊकच होतं. न बोलता ठेवलेलं गुपित. मी मात्र वेगळ्याच घरात राहत होतो.

मग तिने सगळं सांगितलं. किल्ल्यावरून उतरताना तिचा चष्मा वर एका भिंतीवर राहिला. डिंपल जवळ होती, चपळ होती. मोहिनीने तिला सांगितलं, पळत जा आणि घेऊन ये. मग खाली बसजवळ येऊन तुम्हाला म्हणाली की मी डिंपलला वर पाठवलंय, तिची गिनती धरू नका. तुम्ही मुली मोजत होतात. थोड्या वेळाने वरून ओरडणं ऐकू आलं. मोहिनी जागची हलली नाही. धावलात तुम्ही.

आता माझं.

मी लिहिलं होतं की मी ऐकलं तेच लिहिलं. नंतर लिहिलं की चूक नकळत झाली. मोहिनीला मी हेच ओरडून सांगत होतो, की मला माहीत नव्हतं, मी तसा माणूस नाही. आणि सांगता सांगता मला तो दिवस आठवला. खरं तर तो मी कधी विसरलोच नव्हतो. ‘शी’ लिहून माझा पेन थांबला होता. इंग्रजीचा शिक्षक आहे मी, रोज मुलांच्या वह्यांत अशा ‘शी’खाली लाल रेघ ओढतो आणि समासात लिहितो, ‘कोण?’ मला दिसलं होतं की हे दोन्हीकडे लागतं. ‘शी’च्या जागी मोहिनीचं नाव पुन्हा लिहिलं असतं की झालं असतं. एका शब्दाचं काम. मी मनाशी म्हटलं, नियमाप्रमाणे बरोबर आहे, वाचणारा शहाणा आहे, त्याला कळेल. आणि पान उलटलं.

मला मोहिनी तेव्हा आवडत होती. तिला ते माहीत होतं, तुम्हालाही. तुम्ही स्टाफरूममध्ये मला त्यावरून चिडवायचात.

मी तुमच्यावर आळ घेतला नाही, पण येऊ दिला. अहवाल आल्यावर तुम्ही मला फोन केला होतात. मी वर्गात आहे म्हणालो. मी वर्गात नव्हतो. त्यानंतर दोन ईदला तुमचा मेसेज आला, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल की मी तुम्हाला दोषी धरतो. मला तुमच्याशी बोलता येत नव्हतं, एवढंच होतं.

मोहिनी दुसऱ्या दिवशी दीपनगरला गेली. तिचे वडील, तोताराम आबा, वीज केंद्रातून निवृत्त झाले तरी अजून तिकडेच राहतात. जाताना तिने मला सांगितलं, “तुम्ही मला वाचवलं असतं तर मी तुमच्याबरोबर राहिले असते. तुम्ही तर मलाही फसवलंत.” यात कुठे चूक आहे ते शोधतो आहे. सापडत नाही.

ज्ञानेश्वर


पारोळा
१५ सप्टेंबर

नाजमीन मॅडम,

या पत्रात माझ्या मनाचं काही नाही. काय काय केलं तेवढं कळवतो.

बेबाबाईंच्या घरी गेलो. त्यांचा जबाब पुन्हा घेतला, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत. ‘मी’ तिथे ‘मी’च ठेवलं. तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या, म्हणाल्या, बठ्ठं बरोबर शे, सही कुठे करू ते सांगा. सही केल्यावर मात्र रडल्या. त्यांचं म्हणणं, माझ्या तोंडून त्या पोरीवर आळ आला. मी त्यांना सांगितलं, तुमच्या तोंडून नाही, माझ्या हातून.

त्याच्या जोडीला माझं स्वतःचं निवेदन दिलं. माझ्या भाषांतरात शब्द दोन्हीकडे लागणारा होता, तो तसा आहे हे लिहिताना मला दिसलं होतं आणि मी तो बदलला नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. संस्थेच्या सचिवांनी दोन्ही कागद वाचले आणि बाजूला सारले. म्हणाले, सर, नऊ वर्षं झाली, दोघी आपापल्या घरी सुखात आहेत, कशाला उकरता? मी विचारलं, नाजमीन मॅडम सुखात आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते चिडले. माझ्याकडचं परीक्षेचं काम काढून घेतलं आहे. पण पोच मिळाली, शिक्क्यासह.

आठ दिवसांनी मोहिनी आली. घरी नाही, शाळेत. ती आता पर्यवेक्षिका आहे आणि पुढच्या जूनपासून मुख्याध्यापिका होणार होती. तिने एक पान सचिवांसमोर ठेवलं. तिच्या हाताने, मराठीत. मला वाचायला दिलं नाही, पण ऑफिसातल्या दिपमालाबाईंनी नोंद करताना पाहिलं. त्या म्हणाल्या, पहिलाच शब्द ‘मी’ आहे, आणि पुढे कुठेही ‘आम्ही’ नाही, ‘झालं’, ‘घडलं’ नाही. पाठवलं, थांबले, सांगितलं नाही, असंच सगळं. पर्यवेक्षिकेचं पद सोडत असल्याचंही त्यातच लिहिलंय. जाताना व्हरांड्यात माझ्यासमोरून गेली. मी वाट दिली. ती दीपनगरलाच आहे.

तिच्या पानानंतर सचिवांना हालचाल करावीच लागली. जुना अहवाल रद्द झाल्याचं पत्र आणि नवा दाखला तयार होतो आहे. नव्या दाखल्यात तो शब्द नसेल.

आणखी एक. डिंपलचे वडील रुपचंदभाऊ तेव्हा तिला घेऊन सुरतला गेले होते ना, त्यांचा नंबर पारोळ्यातल्या त्यांच्या चुलत्यांकडून मिळवला. डिंपल आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. डावं कोपर पूर्ण सरळ होत नाही, पण ती स्कूटर चालवते, असं हसत म्हणाली. मी भीत भीत विचारलं, तुला वर कोणी पाठवलं होतं, आठवतं का? तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, मोहिनी मॅडमनी, चष्मा आणायला. मी विचारलं, तू तेव्हा सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “सर, मला कोणी विचारलंच नाही. मी दवाखान्यात ‘मॅडमनी पाठवलं’ म्हटलं होतं. कुठल्या मॅडमनी, ते कोणी विचारलं नाही.”

मी फोन ठेवल्यावर रस्त्यावरच उभा राहिलो. भाजीबाजाराची गर्दी होती, लोक धक्के देत जात होते.

ज्ञानेश्वर


पारोळा
६ ऑक्टोबर

नाजमीन मॅडम,

तुमचं पत्र गुरुवारी आलं. मी मनाची सगळी तयारी करून पाकीट उघडलं होतं. तुम्ही शिव्या घालाल, कोर्टात जाईन म्हणाल, किंवा पुन्हा लिहू नका म्हणाल. यातलं काहीही लिहिलं असतंत तरी मी मान खाली घालून वाचलं असतं. तुम्ही जे लिहिलंय त्याची तयारी मी केली नव्हती.

तुम्ही लिहिता, तुम्ही माझ्यावर कधी रागावलाच नव्हतात. रागावण्याचं कारण तुम्हाला दिसत नव्हतं. कारण तो अहवाल वाचल्यावर तुम्हाला खरंच वाटलं की डिंपलला तुम्हीच पाठवलं.

ते पान मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. मोहिनी बसजवळ येऊन तुमच्या कानाशी काहीतरी म्हणाली, एवढं तुम्हाला आठवत होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तुम्ही अडतीसपर्यंत मोजत आला होतात, शब्द ऐकू आले नाहीत. मग महिन्याने तुमच्या हातात इंग्रजी कागद आला. तुम्ही वाचलंत, मोहिनी टोल्ड नाजमीन दॅट शी. आणि तुम्ही स्वतःला सांगितलंत, म्हणजे ती मला म्हणत होती, तुम्ही पाठवलंत तिला. बेबाबाई कधी खोटं बोलत नाहीत. ज्ञानेश्वर सर चुकीचं लिहीत नाहीत. मग मोजता मोजता मीच एखादीला ‘हो, जा’ म्हटलं असेल आणि विसरले असेन.

ज्ञानेश्वर सर चुकीचं लिहीत नाहीत. हे तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय. माझ्यावर विश्वास होता म्हणून तुम्ही स्वतःवरचा सोडलात.

तुम्ही लिहिता की त्यानंतर तुम्ही कुठल्याही शाळेत अर्जच केला नाही. मला वाटत होतं दाखल्यामुळे तुम्हाला कोणी घेतलं नाही. तो दाखला तुम्ही कुणाला दाखवलाच नाही. मुलांची जबाबदारी घ्यायची आपली लायकी नाही, असं ठरवून टाकलंत. तुमचे मिस्टर अतिकभाई घरात शिकवण्या घे म्हणत राहिले, तुम्ही शिलाई घेतलीत. स्वतःच्या मुलीला गच्चीचा जिना एकटीला चढू देत नाही, ती आता सात वर्षांची आहे आणि मैत्रिणींसमोर लाजते. तुमच्या अम्मींनी, मुमताज आपांनी, शेवटपर्यंत म्हटलं, तू तसं करणार नाहीस, मी तुला ओळखते. आणि तुम्ही त्यांना समजावत राहिलात की नाही अम्मी, माझ्याच हातून झालं. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या.

याच्यापुढे मला वाचवेना. बायकोच्या बोलण्याने मी हादरलो होतो, पण त्यात निदान माझं काही मोडलं होतं. इथे तर मी एका बाईच्या आठवणीत हात घालून ती बदलून टाकली होती, आणि नऊ वर्षं वह्या तपासत बसलो होतो.

माफी मागत नाही. तुम्ही ती लगेच द्याल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला ती इतक्या सहज मिळायला नको आहे.

येत्या रविवारी बेबाबाई धुळ्याला यायचं म्हणतात. त्यांना तुम्हाला तोंडाने सांगायचंय, कागदावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी त्यांना तुमच्या दारापर्यंत आणून सोडेन आणि बाहेर थांबेन. डिंपलनेही तुमचा नंबर मागितला आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय दिला नाही. ती म्हणाली, मला त्या दिवसाचं दुखणं आठवत नाही, नाजमीन मॅडमनी ओढणी फाडून हात बांधला आणि खाली येईपर्यंत माझ्याशी बोलत होत्या, तेवढं आठवतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, तीही खोडून पुन्हा लिहिलेली. ‘सर, नक्की ना? मी नव्हते ना?’ मी चार पत्रं लिहिली, सगळे पुरावे कळवले, तरी तुम्हाला हे विचारावं लागलं. म्हणून नीट उत्तर देतो. ‘ती’, ‘तिने’, ‘तिला’ यातलं काही न वापरता.

डिंपलला मोहिनीने वर पाठवलं.

जबाबात चुकीचं वाक्य ज्ञानेश्वरने लिहिलं.

नाजमीनने डिंपलला उचलून खाली आणलं.

ज्ञानेश्वर